खिट्टीचं लिव्हर आणि चार चाव्या

"ब्रेडचा तुकडा म्हणजे खाणं नव्हे," नवरा म्हणाला. "ब्रेडमध्ये असतं काय? निम्मी तर हवाच."

"मग ती हवा हिच्या रक्तात कशी उतरली?"

"रक्तात उतरली हे तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईंनी! नळी धरली माझ्या डोळ्यांसमोर. रक्त यंत्रात फिरवलं की वर स्वच्छ पाणी यायला हवं म्हणे. आलंय दूध! 'ही रात्रीपासून उपाशी आहे म्हणता?' मी आपली छाती पुढे काढून सांगतेय, कपाटाला कुलूप आहे, कुलूप मी घातलंय आणि मी चावीवाली आहे. तर म्हणतात कशा, 'मग कुलपानंच भरवलं असेल.'"

लेक फस्सकन हसली आणि लगेच खोकल्याचं नाटक करू लागली.

"तू हसू नकोस. तू काय दिलंस?"

"मी? चीज. पण अगं, ते किसलेलं होतं!"

चावीवालीनं अजून बूटसुद्धा काढले नव्हते. दवाखान्यातून तरातरा आली ती तशीच स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली होती, आणि तिच्या काखेत खिट्टी होती. चार किलो वजनाची, तपकिरी, एक कान वर नि एक खाली असलेली कुत्री. पुढच्या पायावर सुईपुरते केस भादरलेले, त्यावर कापसाचा बोळा. जो बोलेल त्याच्याकडे ती मान वळवत होती, एखाद्या जाणकार प्रेक्षकासारखी. आपल्यावरून चाललेलं भांडण तिला मनापासून आवडत होतं.

राहिले मामंजी. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. नडगीवर इसब होतं, त्याला वारा लागावा म्हणून. शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवलेला माणूस. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी गेली नव्हती.

"मामंजी?"

"अंडं," मामंजी खणखणीत आवाजात म्हणाले. "उकडलेलं. अर्धं. पहाटे सहा वाजता. मी खोटं बोलत नाही."

"अर्धं?"

"अर्धं मी खाल्लं."

ब्रेड, चीज आणि अंडं. चार किलोच्या कुत्रीला उपाशी ठेवायच्या रात्री हॉटेलात मिळणार नाही असा नाश्ता घडला होता. बरं, कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं, वाकवलेलं नव्हतं. जसंच्या तसं, ऐटीत लटकत होतं.

"उघडलंत कशानं?" चावीवालीनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लेकीनं सावकाश दाराकडे बोट केलं. दाराशेजारी चार हुक होते. प्रत्येक हुकावर ज्याचा त्याचा जुडगा. आणि प्रत्येक जुडग्यात एक कोरी करकरीत, पिवळीधमक नवी चावी.

"हुकावर लटकत होती," लेक म्हणाली. "मला वाटलं, परवानगी आहे. द्यायचं नसतं तर चावी कशाला दिली असतीस?"

चावीवालीनं खिट्टीला या काखेतून त्या काखेत घेतलं.

*

तिला सगळा रस्ता चावीवाली म्हणूनच ओळखायचा. बसथांब्यामागे तिचं दुकान, दोन पावलांत संपणारं. एक यंत्र, एक उंच स्टूल, भिंतभर कोऱ्या चाव्या आणि हवेत सदैव पितळेचा वास. या धंद्यात ती आली रागानं. लग्नाला आठ दिवस झाले होते, शेगडीवर दूध ठेवून ती कचरा टाकायला बाहेर आली आणि दार मागे धाडकन बंद झालं. कुलूप उघडणारा म्हातारा तासाभरानं उगवला, आत दुधाचं कोळसा झालेलं पातेलं, आणि वर त्यानंच तिला झापलं, "चाव्या विसरता कशा?" त्यानं काय काय केलं ते तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. "एवढंच असतं होय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "शिकवा."

तेव्हापासून तिच्या घरातलं कुणी कधी दाराबाहेर अडकलं नाही. घरासाठी चावी कापायची ती चारच. मागच्या दाराची चार, टपालपेटीची चार, न्हाणीघराचीसुद्धा चार, जिथे आत असलेल्या माणसालाच चावी लागत नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिनं खास कपाटासाठी कुलूप आणलं आणि डोक्यात लिव्हर, लिव्हर, लिव्हर चालू असताना हातांनी आपलं काम केलं. एक कापली, दुसरी, तिसरी, चौथी. घरी आल्या आल्या चारही हुकांवर एकेक अडकवली. आणि मग खिट्टीपासून सगळं खाणं सुरक्षित झाल्याच्या समाधानात ती झोपली.

"म्हणजे," नवरा हळूच म्हणाला, कारण तो बस चालवणारा माणूस, कुठे गाडी पुढे काढावी त्याला बरोबर कळायचं, "चोरांना चाव्या कुणी वाटल्या?"

"गप्प बसा हो."

"नाही, आपलं विचारतोय. चाव्या चार दिसतात. खाऊ घालणारे आम्ही तीन." त्यानं हुकावरून तिचा जुडगा काढला, नवी चावी दोन बोटांत धरली आणि नाकाजवळ नेली. "अगं, हिला कोंबडीचा वास येतोय."

खिट्टीनं त्या चावीकडे पाहून शेपूट हलवलं.

"नखाएवढी," चावीवाली म्हणाली. "साडेपाचला. ती माझ्याकडे बघत होती."

लेक जमिनीवरच बसली. मामंजींनी शिट्टी तोंडात धरली होती, हसू दाबताना ती आपोआप वाजली. नवऱ्यानं भिंतीला टेकून डोळे पुसले. चावीवालीलाही हसू आलं, आणि ते येऊ लागलं तशी ती घाबरली, कारण गेल्या आठ दिवसांत हसण्याच्या पाठोपाठ काय येतं ते तिला ठाऊक झालं होतं. तिनं खिट्टीला खाली ठेवलं आणि बूट काढायच्या निमित्तानं बराच वेळ वाकून राहिली.

*

खिट्टी त्यांच्या घरी आली तीही कुलपामुळेच. सात वर्षांपूर्वी एका घरमालकानं चावीवालीला बोलावलं होतं. भाडेकरू न सांगता निघून गेला होता, दार उघडायचं होतं. तिनं उघडलं. घरमालकाला आतलं कपाट आणि पलंग हवा होता. पलंगाखाली जे होतं ते कुणालाच नको होतं. ते बाहेर आलं, चावीवालीच्या हत्यारांच्या पिशवीत शिरलं आणि बसलं. दाराला आतून लावायच्या छोट्या खिट्टीएवढं, आणि तसंच एकदा बसलं की न हलणारं.

आता तिचे दात साफ करायचे होते. दातांसाठी भूल, भुलीसाठी आधी रक्ताची तपासणी, आणि तपासणीत लिव्हरचे आकडे छपराला जाऊन टेकलेले. तशी ती हल्ली पाणी फार पीत होती, पोट सुटलं होतं, कुशीवरचे केस विरळ झाले होते. पण घरच्यांनी त्याला बाळसं म्हटलं होतं.

"लिव्हरचा आजार असू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "घरातलं काही औषध पोटात गेलंय का? गोळी वगैरे?"

सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, नाही. गोळ्या उंच कपाटात असतात.

"मग उपाशीपोटी रक्त घेऊ, खायला घालून दोन तासांनी परत घेऊ. त्यावरून लिव्हर काम करतंय का ते समजेल. तोवर काही नक्की सांगता येणार नाही. असू शकतो, इतकंच."

चावीवालीला या शब्दानं पछाडलं. असू शकतो! तिच्या धंद्यात कुलूप उघडतं किंवा उघडत नाही. उघडू शकतं, असं सांगणाऱ्या कारागिराला लोक दारात उभं करत नाहीत. त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तीन चाव्या मागितल्या, तिनं अकरा कापल्या. दवाखान्यात तिनं इतके फोन केले की तिथली मुलगी "हॅलो" न म्हणता "अजून नाही हो" म्हणू लागली. संध्याकाळी घरी आली की ती आधी खिट्टीचं पोट चाचपायची, मग तिच्या डोळ्यांचा रंग बघायची, मग नवऱ्याच्या डोळ्यांचा, तुलनेसाठी.

"माझे पिवळेच आहेत," नवरा म्हणायचा. "जन्मापासून. मला कुठं नेतेस?"

*

दुसरी तारीख मिळाली मंगळवारची. संध्याकाळी सहाला रक्त, म्हणजे सकाळी सहानंतर तोंडात काही नाही. या वेळी चावीवालीनं कुलपावर विश्वास ठेवला नाही. खिट्टीला उचललं आणि दुकानात नेलं.

कुत्री स्टुलाखाली उशीवर. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी: ही उपाशी आहे. काही खायला देऊ नका. पाटी तिनं काउंटरला पुढून अडकवली. आता काउंटरमागची कुत्री रस्त्यावरून दिसत नव्हती. दिसत होती ती पाटी, आणि पाटीच्या बरोबर वर चावीवालीचं, आठ दिवस धड न जेवलेलं तोंड.

दहा वाजेपर्यंत दोघांनी तिला तब्येत विचारली. साडेदहाला टपालवाली आली, तिनं पाटी वाचली. जाताना डब्यातलं सँडविच काउंटरवर ठेवून म्हणाली, "नवऱ्याशी पटत नसेल तर पटत नसेल. पोटाशी कशाला भांडायचं, बाई?" चावीवालीनं सगळा खुलासा करेपर्यंत टपालवालीची सायकल कोपऱ्यावरून वळली होती, आणि सँडविचचा वास खाली उशीपर्यंत पोचला होता. मग ते खिट्टीच्या डोळ्यांदेखत शेजारच्या चांभाराला देऊन टाकावं लागलं. खिट्टीनं तासभर तिच्याकडे पाठ केली.

अडीचच्या सुमाराला मामंजी आले. "नुसता बघायला आलोय," ते लांबूनच ओरडले.

"खिसे."

"काय?"

"खिसे रिकामे करा, मामंजी. सगळे."

मामंजींनी कवायतीसारखे हात बाजूला पसरले आणि मग एकेक वस्तू काउंटरवर मांडली. रुमाल, चष्म्याचं घर, बसचा पास, मलमाची ट्यूब. खाण्याचं काही नाही. झडतीत पास झाल्यावर त्यांना स्टूल मिळालं. ते बसले, पँट दुमडली आणि ट्यूब उघडून नडगीवर मलम चोपडू लागले. बोटभर, जाड थर, पावाला लोणी लावावं तसं.

"तीन महिने झाले," ते कुरकुरले. "इसब हटत नाही. डॉक्टर म्हणाला पातळ लावा. पातळ लावून होतंय काय? मी दुप्पट लावतो."

खिट्टी उठली. सकाळपासून हाकेला ओ न देणारी ती कुत्री अंग झटकून, शेपूट हलवत मामंजींच्या पायाशी गेली.

"बघ," मामंजी विरघळून म्हणाले. "सगळ्या घरात माया कुणावर आहे ते बघ. सकाळ-संध्याकाळ येते. माझं दुखणं कळतं तिला. तुझ्या सासूबाई गेल्यापासून इतक्या आपलेपणानं कुणी..." आणि ते रस्त्याकडे बघू लागले.

चावीवाली यंत्राकडे वळली. एक चावी कापली, कानस फिरवली, फुंकर मारली, आणि सहज खाली पाहिलं.

मामंजींची नडगी लखलखत होती. घासलेल्या ताटासारखी.

"मामंजी, मलम कुठंय?"

"जिरलं."

"इतक्यात?"

"चांगल्या प्रतीचं आहे."

"मग गुण का येत नाही?"

दोघांनी एकाच वेळी खिट्टीकडे पाहिलं. खिट्टीनं जीभ बाहेर काढून आपलं नाक चाटलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, जेवण झाल्यासारखी.

तेवीस वर्षं चावीवाली झिजलेल्या चाव्या बघत आली होती. कुठला दात झिजलाय यावरून दार कुठे घासतंय ते तिला सांगता यायचं. तिनं यंत्र बंद केलं. चाव्यांचे नंबर वाचायचं भिंग घेतलं आणि ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. फक्त त्वचेवर लावण्यासाठी. तोंडावाटे घेऊ नये.

"उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

पण शटर अर्ध्यावर आलं होतं. चांभारानं नंतर सगळ्यांना सांगितलं, की पुढे चावीवाली काखेत कुत्री घेऊन पळतेय, मागून म्हातारा एक पँट वर, एक खाली, आणि रस्ता मोकळा व्हावा म्हणून शिट्टी फुंकतोय. एक मोटार खरोखर थांबली.

*

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब वाचली, चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचली.

"हे स्टेरॉइड आहे. जोरदार. किती लावता?"

"बोटभर," मामंजी म्हणाले. "दोन वेळा."

"आणि ही चाटते?"

"माया करते," मामंजी म्हणाले, पण अगदी बारीक आवाजात.

"तीन महिने!" बाई खुर्चीत मागे रेलल्या. "पाणी पिणं, पोट, केस, लिव्हरचे आकडे. सगळं यानं होतं. मी औषध विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही गोळी म्हणालात," चावीवाली म्हणाली. "म्हणजे लिव्हरचा आजार नाही?"

"नसू शकतो."

चावीवालीनं डोळे मिटून घेतले. पण हा शब्द निराळा होता. याच्या आत कुठेतरी खटका हलल्यासारखं वाटलं. अजून कुलूप उघडलं नव्हतं, पण खटका हलला होता.

सहाला रक्त घेतलं. या वेळी नळीत वर आलं ते पाण्यासारखं नितळ. बाईंनी ती उजेडात धरली तेव्हा चावीवालीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग खायला घातलं, दोन तासांनी परत रक्त. स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, बाईंनी बजावलं. शरीराला त्याची सवय झालीय. मलमाऐवजी त्याचीच छोटी गोळी, आठवड्याआठवड्यानं कमी करत आणायची. चाटणं मात्र आजपासून बंद म्हणजे बंद.

गुरुवारी दुपारी दुकानात फोन आला. दोन्ही आकडे ठीक. लिव्हर आपलं काम चोख करतंय. सहा आठवड्यांनी परत दाखवा. चावीवालीनं फोन ठेवला आणि समोर कुलूप घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "लिव्हर चालतंय!" ती म्हणाली. "अभिनंदन," तो बिचारा म्हणाला. "तुमचं वय काय?"

*

ती धावतच घरी आली, तर घरात परत भांडण.

मामंजी खिडकीजवळ बसले होते. दोन्ही पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बागकामाचे, हिरवे. खिट्टी त्या बुटांना पंजांनी खरवडून केविलवाणी ओरडत होती, आणि मामंजी तिच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"दोन दिवस असेच बसलेत," लेक म्हणाली. "तिला मांडीवर घेत नाहीत. आई, तू सांग, ते मलम फेकून द्यायचं."

"आणि पाय सडू दे?" नवरा म्हणाला. "त्यापेक्षा ती त्यांच्या खोलीत जाता कामा नये. दाराला कुलूप."

"कुलूप नको," मामंजी म्हणाले. "मीच तिला शिवणार नाही. तीन महिने विष चारलं मी, आणि म्हणत होतो माया. पस्तीस वर्षं पोरांना शिक्षा केल्या. आपली कुठली ते मला समजतं."

"आजोबा, विष काय, मलम होतं ते!"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी बोलणार!"

"अरे, निदान निकाल तरी विचारा तिला," नवरा ओरडला. "दारात उभी आहे केव्हाची!"

"लिव्हर ठीक आहे," चावीवाली म्हणाली.

लेकीनं किंचाळून बापाला मिठी मारली, बापानं तिला उचलायचा प्रयत्न केला, तो फसला, दोघं सोफ्यावर कोसळले, आणि खिट्टी त्यांच्यावर चढून गोल गोल फिरत भुंकू लागली. मामंजी हलले नाहीत. फक्त त्यांचे रबरी बूट एकमेकांवर घासून चुईं असा आवाज झाला.

चावीवालीनं त्या बुटांकडे पाहिलं. मग ती दाराकडे गेली आणि चारही हुकांवरचे जुडगे खाली काढले. कपाटाच्या पिवळ्या चाव्या एकेक करून सोडवल्या. एक गळ्यातल्या दोरीत ओवली. उरलेल्या तीन पिशवीत टाकल्या, आणि पिशवीतून औषधाच्या दुकानातून आणलेली पट्टीची गुंडाळी काढली.

"ऐका," ती म्हणाली. "मलम आजपासून कपाटात. मामंजींना सकाळ-संध्याकाळ मी लावणार, पातळ, आणि वर पट्टी मी बांधणार. हिची गोळीही मीच देणार. मामंजी, ते बूट काढा, ती तुमच्याच मांडीवर बसणार आहे. कपाटाची चावी एकच राहील."